प्रेमाने स्वीकारतो

आमच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात एक पद्धत आहे. कुणी आजारी पडलं, कुणी परगावी गेलं, की त्याचा सलाम सभेत सांगायचा. "एर्ना कार्लोव्नाने मंडळीला सलाम कळवलाय." मग साठ माणसं खुर्च्या सरकवत उठतात, एका सुरात म्हणतात, "प्रेमाने स्वीकारतो, आमचाही कळवा," आणि बसतात. बसण्यात आमची मंडळी फार पटाईत आहे.

पूर्वी लाकडी बाकं होती. तासाभरात माणसाची कंबर धरायची. दोन वर्षांपूर्वी मूळच्या देशी, जर्मनीला परतलेल्या आमच्याच लोकांनी गादीच्या खुर्च्या पाठवल्या, मग खाली तापणारी फरशी आली. बाहेर उणे पंचवीस आणि आत बायका रुमालाने वारा घेतायत. आमचं गाव कझाकस्तानात, कारागांदाच्या कोळशाच्या खाणपट्ट्यातलं. इथे ऊब मिळाली की माणूस सहजासहजी उठत नाही. पण काही झालं तरी देवाच्या घरात पेंगायचं म्हणजे हद्द झाली.

दारात उभं राहून प्रार्थनेच्या चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझं. मी अमालिया गेनरिखोव्ना, वय एकसष्ट. तीस वर्षं खाणीच्या दिवाघरात होते. माणूस खाली उतरताना माझ्याकडून दिवा घ्यायचा आणि वर आला की परत त्याच नंबराच्या खुंटीवर टांगायचा. पाळी संपली आणि एखादी खुंटी रिकामी राहिली, तर मी घंटा वाजवायची. बस, इतकंच. खुंटी रिकामी का आहे, याची चर्चा नाही, त्यासाठी समिती नाही. आधी घंटा, आणि माणसं धावत सुटायची.

एर्ना कार्लोव्नाची खुर्ची ऑक्टोबरपासून रिकामी आहे. त्र्याऐंशी वर्षांची बाई, खुबा मोडलेला. राखेच्या टेकाडामागे जुन्या वस्तीत एकटी राहते. तिकडे नळ नाही, घर तापवायला कोळशाची चूल. याच बाईच्या स्वयंपाकघरात, सरकारने प्रार्थनेवर बंदी घातली होती त्या काळात, खिडक्यांना घोंगड्या लावून आमची मंडळी जमायची. माझा बाप्तिस्मा ठरला तोही तिच्याच टेबलावर, बटाटे सोलता सोलता.

तिच्या चिठ्ठ्या यायच्या त्या कुल्याशच्या हातून. कुल्याश तिची शेजारीण, कझाक, पावाच्या दुकानात असते. ती आमच्या मंडळीतली नाही, आमच्या धर्मातलीही नाही. तरी ऑक्टोबरपासून एर्ना कार्लोव्नाचं पाणी तीच भरते, कोळसा तीच आणते, राख तीच काढते. मी शनिवारी पाव घ्यायला गेले की ती पावाबरोबर चिठ्ठी द्यायची. पहिल्या चिठ्ठ्यांत असायचं, "पायांत बळ यावं म्हणून प्रार्थना करा." नाताळानंतर एकच मागणं येऊ लागलं: "प्रभुभोजन घ्यायचं आहे. एकदा कुणी भाकर आणि प्याला घेऊन या."

चिठ्ठी कुठलीही असो, वाचली की मंडळी उठायची, प्रार्थना करायची, आमेन म्हणायची आणि बसायची. चार महिने हेच. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

मी गप्प बसणारी बाई नाही. जानेवारीच्या पहिल्या सभेनंतर चहा सुरू होता तेव्हा मी सरळ पाळकांना धरलं. पावेल याकोव्लेविच माणूस वाईट नाही. उपदेश सुरेख करतो, आवाज मधासारखा. फक्त पाय जमिनीला लागले की दमतो.

"एर्ना कार्लोव्नाकडे कधी जाताय?" मी विचारलं.

"जायचंय ना, भगिनी. पण तो रस्ता पाहिलात का? टेकाडाजवळ गाडी अडकते."

"मग भाकर माझ्याकडे द्या. मी नेते चालत."

त्यांनी केकचा तुकडा बशीत ठेवला. "तसं करता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. भाकर आणि प्याला या घराबाहेर जायचे तर दीक्षा झालेल्या भावाच्याच हातून. ही व्यवस्था आहे."

"दीक्षा झालेले भाऊ दोन. एक तुम्ही. दुसरे विक्तोर भाऊ, ते काल मासे मारायला बर्फातून चाळीस किलोमीटर गेले होते."

विक्तोर भाऊ चहाच्या पेल्यात बघत राहिले. गायक मंडळातली नेल्ली माझ्या मदतीला आली असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "अमालिया, प्रत्येकाची सेवा वेगळी असते. मी गाते. ती माझी सेवा."

"एर्ना कार्लोव्नाच्या चुलीत घालता येतं का तुझं गाणं?"

"तुझ्या जिभेला हाड नाही," नेल्ली म्हणाली, आणि तिथे ती खरं बोलली.

शेवटी ठरलं काय, तर दया-सेवा समिती. प्रमुख मी. मी मोठा कागद आणला, आठवड्यांची यादी आखली, कोट टांगायच्या जागेजवळ लावली. आठवड्यातून दोनदा कुणीतरी जायचं, पाणी, कोळसा, राख, थोडी सोबत. लोकांनी आनंदाने नावं लिहिली, पेनासाठी रांग लागली. मला भरूनच आलं. घरी जाताना यादी नीट वाचली. एप्रिल भरलेला. मे भरलेला. जून तर असा गच्च की समासात नावं लिहिलेली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च कोरे करकरीत. बर्फ वितळल्यावर सगळ्यांच्या मनात दया दाटून येणार होती.

पुढचा आठवडाभर मी फोन करत सुटले. कुणाची कंबर, कुणाची नातवंडं, कुणाचा रक्तदाब. एकीने तर सांगितलं, "ती कुल्याश आहे ना तिथे, देवानेच तिला पाठवलंय." आयजीच्या जिवावर बायजी उदार. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझा घसा बसला. रोज रात्री जेवताना मी नवऱ्याला ऐकवायची की असली मंडळी, तसली मंडळी. तो बिचारा मान डोलवून जेवायचा.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दुकानात गेले तर कुल्याशचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने पाव देत होती.

"काय झालं गं?"

"विहिरीपाशी घसरले, आपा. दोन बादल्या होत्या हातात."

मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

"आज चिठ्ठी नाही," ती म्हणाली. "एर्ना आपा म्हणाली, त्यांच्याकडे पुष्कळ झाल्या असतील."

"आणि पाणी? कोळसा?"

"डाव्या हाताने अर्धी बादली नेते. राख परवापासून काढलेली नाही, भरलेली बादली मला उचलवत नाही. चूल धुमसते नुसती."

"उद्या सभेत सांगते मी सगळ्यांना," मी म्हणाले. "चांगली खडसावते."

कुल्याशने पुढच्या गिऱ्हाइकाला पाव दिला, मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सांग आपा. पण एक विचारू? तू दर शनिवारी इथवर येतेस. दुकानाच्या मागच्या दाराने तिचं घर तीनशे पावलांवर आहे. मी मोजलीत, बादली घेऊन मोजावीच लागतात. तू कधी का नाही आलीस?"

मी पाव पिशवीत टाकला. उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची लाज वाटली. शनिवारी पाव घेतला की मला नेल्लीच्या गायक मंडळाच्या सरावाला जायचं असतं. आणि यादीवर माझं नाव सगळ्यात वर होतं: "देखरेख – अमालिया गेनरिखोव्ना." एकाही आठवड्यासमोर नव्हतं. एप्रिलमध्येही नाही. दुसऱ्यांच्या नावाने ओरडण्यात मी इतकी गढले होते की तीच माझी गादीची खुर्ची झाली होती.

आणि सांगू, तरीही त्या शनिवारी मी सरावालाच गेले. उशीर झाला होता, नेल्ली बोलली असती. घरी आल्यावर मात्र खुंट्या आठवल्या. तीस वर्षं खुंट्या पाहणारी बाई मी. रिकामी खुंटी दिसली, आणि चार महिने मी घंटा वाजवायला दुसरा माणूस शोधत बसले.

दुसरा दिवस फेब्रुवारीचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. सलामांची वेळ आली. पावेल याकोव्लेविचनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या प्रिय भगिनी एर्ना कार्लोव्नाकडून?"

"सलाम नाही," मी म्हणाले.

निम्मी माणसं सवयीने अर्धी उठलेली होती. ती तशीच ओणवी राहिली, मग हळूहळू बसली. कुणीतरी कुजबुजलं, "गेली का?" पाळकांनी विचारलं, "बरं नाहीये का त्यांना?"

"कुल्याशचा हात मोडलाय. चूल विझत आलीये. एवढंच कळलंय मला, कारण मीही गेलेले नाही."

पावेल याकोव्लेविचनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि "प्रभू, तू आमच्या भगिनीला आठव" म्हणून सुरुवात केली. आमेन झालं. मग भाकर मोडली. ताट रांगेतून हातोहात आलं. मी माझा तुकडा मोडला, जरा मोठाच. पण तोंडात घातला नाही. पर्समधून धुतलेला रुमाल काढला, तुकडा त्यात गुंडाळला आणि उठले.

"भगिनी अमालिया," पाळक व्यासपीठावरून म्हणाले, "बसा."

"बसूनच आहे मी चार महिने."

मी कोट घातला, बूट चढवले. मागून आवाज येत होता: "भाकर बाहेर न्यायची नाही, भगिनी. तुम्हाला माहीत आहे. दीक्षा झालेला भाऊ बरोबर असल्याशिवाय..." आणि तिथे ते थांबले. स्वतःच्याच तोंडचा नियम त्यांना स्वतःच्याच कानाने ऐकू आला असावा. मी दार उघडलं आणि निघाले.

पन्नास पावलं गेले असेन, तर मागे बर्फ करकरला. पावेल याकोव्लेविच. कोट कसाबसा अडकवलेला, टोपी नाही, पायांत सभेचे पातळ बूट, आणि दोन्ही हातांत पांढऱ्या कापडाने झाकलेला प्याला. भाकर गेली तर प्याला मागे कसा राहणार. प्रार्थनाघरातून गाण्याचा आवाज आला. काय करावं हे न सुचून नेल्लीने गीत धरलं होतं.

"हे व्यवस्थेला धरून नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "पडू नका, सांडेल."

वीस मिनिटांच्या रस्त्यात त्यांनी हे तीनदा ऐकवलं. टेकाडापाशी दोनदा घसरले, मी कोपर धरलं. कान लाल झाले होते. मला त्यांची दयाही येत होती आणि संतापही. विक्तोर भाऊ मागून येतील असं मला वाटत होतं. मी दोनदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

एर्ना कार्लोव्नाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत तोंडातून वाफ निघत होती. ती पलंगावर, कोट आणि लोकरी बूट घालून, अंगावर दोन रजया. पाण्याच्या बादलीत वर बर्फाची पातळ खपली धरली होती. चुलीच्या दाराखाली राखेची बादली काठोकाठ भरलेली, बाहेरही ढीग सांडलेला.

"कुल्याश?" तिने विचारलं.

"नाही. आम्ही आहोत."

"आम्ही म्हणजे कोण?"

मला नाव सांगायचा धीर होईना. पावेल याकोव्लेविच पुढे झाले, आणि इतक्या गारठ्यातही तो मधाचा आवाज निघाला. "प्रिय भगिनी, मंडळीने तुम्हाला सलाम..."

"पुरे," एर्ना कार्लोव्ना म्हणाली. "सलाम ठेवायला जागा उरली नाही या घरात. हातात काय आहे?"

"प्याला. आणि भाकर अमालियाकडे आहे."

तिने कापडाकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज तोच, बटाटे सोलताना मला दरडावणारा. "पावेल, तुझ्या कमरेला काही झालेलं नाही ना?"

"नाही."

"मग आधी राख काढ. माझं तोंड गारठलंय. या तोंडाने मला भाकर चावता येणार नाही."

पाळक प्याला धरून उभे राहिले. ठेवायला जागा नव्हती. टेबलावर औषधं, खिडकीत बर्फ, जमिनीवर राख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दीक्षा नाही, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी रुमाल खिशात घातला आणि दोन्ही हात पुढे केले.

प्याला मी धरला. बादली त्यांनी उचलली.