साहेब येईस्तोवर

मित्रांनो, मी एक जुना थडग्याचा दगड आहे. विलायतेहून अमेरिकेत गेलेल्या एका थोर इंग्रज घराण्याची तीनशे वर्षांची वंशावळ माझ्यावर उभी आहे. सध्या मात्र माझ्यावर रुपीबाईची शेळी उभी आहे. वजनात म्हणाल तर शेळी थोडी जड आहे.

माझा जन्म कामठीचा. तिथल्या छावणीजवळ गोऱ्या लोकांसाठी थडग्याचे दगड घडवणारा एक पाथरवट राहत असे. त्याला इंग्रजी येत नव्हतं. कागदावर अक्षरं काढून दिली की वेलबुट्टी उतरवावी तशी तो ती दगडावर उतरवी. आपण कोणाला मेला म्हणून लिहीत आहोत हे त्याला कळत नसे, त्यामुळे त्याचा हात कधी थरथरला नाही. माझ्यावर त्याने नाव कोरलं, नॅथॅनिएल ऑल्डरसन. त्याखाली साल, वऱ्हाड मुलुखात देवाघरी गेल्याचा मजकूर आणि एक झुकलेलं झाड. मी तयार झालो तेव्हा येणारे-जाणारे थांबून म्हणाले, काय सुबक दगड आहे. हे कौतुक नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे पुन्हा येणार नाही.

हे नॅथॅनिएल साहेब वणीला कापसाच्या खरेदीसाठी आले होते आणि पटकीने गेले. त्यांना तिथेच पुरलं होतं. त्यांच्या डोक्याशी जाऊन उभं राहायचं, एवढंच माझं काम होतं. मला पोचवण्याचं काम गुलाबसिंग नाईकाच्या तांड्याकडे आलं. त्या काळी बंजारे लोक मुलुखभर माल नेत, तोही बैलांच्या पाठीवरून. मला एका बैलाच्या एका अंगाला बांधलं आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या अंगाला मिठाची गोणी लावली. त्या बैलाने मला वर्धा नदी पार करून दिली. वणी एका मजलेवर आली असताना तो एका नाल्याकाठी बसला, तो उठला नाही.

गुलाबसिंगने मला पळसाखाली ठेवलं. पावसाळा सरला की नेऊ, म्हणाला. पावसाळा सरला, पण तोवर आगगाडी आली होती. लोकांनी बैलांच्या पाठीवर माल द्यायचं सोडलं. मग तो तांडाही त्याच नाल्याकाठी माझ्याशेजारी बसला, तो उठला नाही.

आता बंजाऱ्यांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. वाहून न्यायला दिलेला माल ही अमानत. ती विकायची नाही, मोडायची नाही, आणि माल पोचला नाही असं तर मेलं तरी चारचौघांत म्हणायचं नाही. मरताना गुलाबसिंगने मुलाला बजावलं, हा दगड साहेबाचा, साहेबाचा माणूस आला की द्यायचा. मुलाने ते आपल्या मुलाला, म्हणजे रामधनला, बजावलं. रामधनने ते देवीलालला बजावलं. जमीन वाटण्या होऊन कमी होत गेली, मी तेवढा अखंड राहिलो. तांड्यात पुढे बोलण्याची पद्धतच पडली. एखादी गोष्ट कधीच व्हायची नसली की म्हणत, साहेब येईस्तोवर थांब.

तांड्याला विहीर नव्हती. उन्हाळ्यात नाला आटला की बाया वाळूत झिरा खणत. खड्ड्यात झिरपेल ते पाणी वाटीने घागरीत भरत. ऊन वाढे तसा झिरा खोल जाई. एकोणीसशे साठच्या वैशाखात तो माणसाच्या डोक्यावर गेला. रुपीबाईची मुलगी जमनी खाली उतरून पाणी भरत होती आणि रुपीबाई वर दुसरी घागर घेऊन उभी होती. वाळूची कड सुटली. सगळा तांडा हातांनी वाळू उपसायला लागला. पण वाळू उपसावी तेवढी परत येते.

जमनीचं लग्न ठरलं होतं, लागलं नव्हतं. या लोकांत लग्न झालेल्याला जाळतात आणि न झालेल्याला पुरतात. लग्न लागून मेली असती तर तिची राख झाली असती, आणि मला तुम्हाला सांगण्यासारखं काही राहिलं नसतं. जमीन खडकाळ, खड्डा उथळच झाला. कोल्ही उकरतील म्हणून रुपीबाईने नाईकाकडे मला मागितलं. तिला नवरा राहिला नव्हता, दुसरं मूल नव्हतं, आणि तांड्यात माझ्याएवढा सपाट, जड दगड नव्हता. देवीलाल नाईक बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. अमानत ती. शेवटी म्हणाला, "ठेव. पन साहेब येईस्तोवर."

सगळ्यांनी माना हलवल्या. याचा अर्थ कायमचं, असा होत होता.

अशा रीतीने थडग्याचा दगड म्हणून जन्मलेल्या मला म्हातारपणी थडगं मिळालं. नाव भलत्याचं होतं, पण तांड्यात ते वाचणारं कोणी नव्हतं. रुपीबाई रोज येई. मला पदराने पुसे, अक्षरांत अडकलेली माती बाभळीच्या काट्याने काढी. कधी एकेका अक्षरावरून हळूहळू बोट फिरवी. तिथे जमनीचं नाव आहे अशी तिने समजूत करून घेतली असावी. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. माझ्या कामाच्या दिवसांत मी एवढंच एक काम नीट केलं.

मग रस्त्याच्या मोजणीला आलेल्या एका ओव्हरसियरला माझी अक्षरं दिसली. त्याने ती गंमत म्हणून चार ठिकाणी सांगितली. सांगता सांगता ती गंमत एका पाद्र्याच्या कानी गेली आणि तिथून समुद्रापार गेली. दोन उन्हाळे उलटल्यावर, थंडीच्या दिवसांत, तांड्यात एक जीप आली आणि तीतून साहेब उतरला.

हा खरोखरचा साहेब होता. अमेरिकेतले निवृत्त न्यायाधीश, उंच, वाकलेले, नाव ऑल्डरसन. दुभाषे म्हणून कळंबचे बाबाराव मास्तर बरोबर होते. साहेबांनी बाजेवर बसून एक कापड उलगडलं. कापडावर झाड काढलं होतं आणि त्याच्या पानोपानी माणसांची नावं होती. बुंध्याशी होता जॉन. डेव्हन परगण्यातला धाकटा मुलगा, बापाने काही दिलं नाही म्हणून जहाजात बसला, व्हर्जिनियात उतरला आणि तंबाखू लावली. तेव्हा अमेरिकेवर इंग्रजांचंच राज्य होतं, असं मास्तरांनी सांगितल्यावर तांड्यातल्या म्हाताऱ्यांना जॉनबद्दल थोडी आपुलकी वाटली. जॉनला एकीमागून एक तीन बायका. नातू गव्हर्नरच्या सभेत. पणतवाने चुलत बहिणीशी लग्न केलं.

इथे रामधन म्हाताऱ्याने हात वर केला. पाहुण्याला आधी गोत विचारायचं आणि मग पाणी द्यायचं, ही त्यांची चाल. तो म्हणाला, "एका गोतात लगन केलं म्हंता? मंग पंचायतीनं किती दंड घेतला?"

मास्तरांनी साहेबांना सांगितलं की बाबा घराण्याची तारीफ करत आहेत.

रामधनने आणखी एक विचारलं. एवढी तंबाखू, मंग राबत कोन होतं? साहेब म्हणाले, शेकड्यांनी गुलाम होते. त्यांची नावं कुठे आहेत, हे मास्तरांनी आपल्या मनाने विचारलं. मास्तरांचं घर छप्पन साली बौद्ध झालं होतं, आणि त्यांच्या आज्याचं नावही कुठल्या कापडावर नव्हतं. साहेब म्हणाले, या झाडाला ती फांदी नाही. गुलाम सुटले, तंबाखू बुडाली, म्हणून त्यांचे नॅथॅनिएल वऱ्हाडच्या कापसामागे आले. घरचे सगळे एका टेकडीवर पुरले आहेत. नॅथॅनिएलच्या आई आणि बापाच्या मधली एक जागा तेवढी अजून रिकामी आहे. ती भरली की झाड पुरं झालं, मग आपण मरायला मोकळे. एवढं बोलून साहेबांनी माझ्याजवळ गुडघे टेकले, माझी अक्षरं चाचपली आणि ते रडले. रडणं खरं होतं. मी तोवर खूप रडणी जवळून पाहिली होती.

नॅथॅनिएलला घरी न्यायचं, आणि त्याच्या नावाने तांड्याला पक्की विहीर बांधून द्यायची, असं साहेब म्हणाले.

मास्तरांनी देवीलालकडे नीट बघत विचारलं, "नाईक, याच्या खाली साहेबच आहे ना?"

मित्रांनो, सांगायचं एकच वाक्य होतं. हा दगड वणीला पोचलाच नाही, साहेब तिकडे आहे. देवीलालने बापाकडे पाहिलं. रामधन जमिनीकडे पाहत होता. त्यांचंही एक झाड होतं, कापडावर नसलं तरी, आणि बुंध्याशी गुलाबसिंग होता.

"आमच्या पणज्यानं माल जाग्यावर पोचवला होता," देवीलाल म्हणाला.

तेव्हा रुपीबाई येऊन माझ्यावर पालथी पडली. ती म्हणाली, "साहेब नाही जी इथं. माही जमनी हाय."

मास्तर सरळ माणूस. त्यांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, की ही बाई म्हणते इथे तिची मुलगी आहे. साहेबांचे डोळे पुन्हा भरून आले. इतक्या वर्षांनंतरही इथले लोक नॅथॅनिएलना आपल्या पोटचं समजतात, असं ते म्हणाले.

देवीलाल तिच्याशेजारी खाली बसला. त्याचा आवाज माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेला नाही. "विहीर होऊन राह्यली, रुपीबाई. झिऱ्यात आता कोनाची पोर उतरनार नाही."

"तुह्या पोरी जित्या हायेत, नाईक. त्याईले पानी भेटन. माह्या पोरीले काय?"

 देवीलालने मग जुनं वाक्य काढलं. "तुले तवाच म्हनलं होतं. साहेब येईस्तोवर."

रुपीबाईला कोणी ओढलं नाही. ती आपली आपण उठली.

मला बाजूला केलं आणि खणलं. हाडं निघाली, लांब केस निघाले, घागऱ्याला टाचलेल्या कवड्या निघाल्या. साहेबांनी कवड्या तळहातावर घेतल्या आणि उलटसुलट करून पाहिल्या. न्यायाधीश होते, पुरावा त्यांना कळत असावा. मग त्यांनी वंशावळीचं कापड गुंडाळलं आणि म्हणाले, नॅथॅनिएल व्यापारी होते, त्यांच्याजवळ कवड्या असायच्याच. केसांबद्दल ते काही म्हणाले नाहीत. एक कवडी त्यांनी आठवण म्हणून रुपीबाईला दिली. तिने ती घेतली.

देवीलाल आणि दोघे मला उचलून जीपकडे नेऊ लागले. साहेबांनी हसून माझ्यावर थोपटलं. घरी त्यांनी संगमरवराचा नवा दगड आधीच घडवून ठेवला होता. हा तुम्हीच ठेवा, म्हणाले. देवीलाल तसाच ओणवा उभा राहिला. चार पिढ्या सांभाळलेली अमानत साहेबांनी नेली नाही. जी अमानत नव्हती ती नेली.

पुढे एक फोटो आला. मास्तरांनी तो तांड्यात सर्वांना दाखवला. हिरवी टेकडी, काळे कपडे घातलेले लोक, निशाणात गुंडाळलेली पेटी. जमनी आता व्हर्जिनियात आहे. एका बाजूला माणसं विकत घेणारा बाप, दुसऱ्या बाजूला आई, कोणीच तिचं नाही. तिच्यामुळे ते झाड पुरं झालं. रुपीबाईने फोटोवरून बोट फिरवलं आणि मास्तरांना एकच विचारलं, "तिथं पानी हाय का?"

मास्तर म्हणाले, टेकडीखाली मोठी नदी आहे. तिने मान हलवली.

नॅथॅनिएल साहेब अजून वणीतच आहेत, दगडाविना. त्यांच्यावर हंगामात कापसाचे ट्रक उभे राहतात.

मित्रांनो, मी आता त्या रिकाम्या खड्ड्यावर परत ठेवलेला आहे. रुपीबाई अजून येते, मला पुसते, आणि शेळी सोडून देते. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. जुन्या दगडांची काळजी घ्या. त्यांच्यावर नावं खरडू नका, त्यांच्याशी टेकून पत्ते खेळू नका. वर काय लिहिलं आहे ते जरूर वाचा, पण खाली कोण आहे ते शेजारी बसलेल्या बाईला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.

साहेबांनी शब्द पाळला. विहीर खोल खणली, पक्की बांधली, तिच्यावर नॅथॅनिएल ऑल्डरसन यांचं नाव घातलं. तिला पाणी लागलं नाही.