घरातली एकूण माणसं

कुरियरवाल्याने पुढे धरलेल्या फोनच्या काचेवर पुष्पाने बोटाने सही केली, आणि फोन परत देता देता तिच्या लक्षात आलं की सही तिने स्वतःची केली नव्हती. काचेवर 'जा' स्पष्ट उमटला होता. पुढची अक्षरं घाईत वाहून गेली होती.

कुरियरवाल्याला त्याचं काही नव्हतं. तो दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलासुद्धा. पण त्याला वर घेऊन आलेला दरवान रामधनी उंबऱ्याशी रेंगाळला.

"दीदी आयी हैं क्या, माँजी?"

"कौन दीदी?"

त्याने पाकिटावरच्या नावाकडे हनुवटी उचलली. जान्हवी पाटणकर, तिसरा मजला. बालीगंजच्या त्या गल्लीत मराठी घर हे एकच, त्यामुळे पत्ता चुकला म्हणायची सोय नव्हती.

"आयेगी," पुष्पा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

'नहीं' म्हणणंही तेवढंच सोपं होतं. ती पाकीट घेऊन आत आली.

वसंतराव खिडकीशी आरामखुर्चीत बसून एका बोटाने फोन टोचत होते. "काय आलं?"

"तुमच्या मुलीचं क्रीम." तिने पाकीट त्यांच्या मांडीवर टाकलं. "तिशीनंतरच्या त्वचेसाठी. लावून बघायचं आणि कसं वाटलं ते कळवायचं. कोण लावणार? तुम्ही?"

"तू लाव. तुझी तिशी उलटलीच आहे की."

"दोनदा," पुष्पा म्हणाली.

ही जान्हवी घरात आली ती मंडळाच्या दिवाळी फराळामुळे. कोलकात्यातली मराठी माणसं वर्षातून चार वेळा एकत्र जमतात आणि चारही वेळा कशावरून तरी वाद घालतात. या खेपेला वाद होता फोनवर खेळ खेळल्याबद्दल आणि प्रश्नांची उत्तरं दिल्याबद्दल पैसे देणाऱ्या अ‍ॅपचा. पुण्याहून बदली होऊन आलेला सौरभ म्हणाला, सगळी फसवणूक आहे. त्याची बायको तेजस्विनी म्हणाली, मग माझा फोन दर महिन्याला कुणाच्या पैशाने चालतो? चकली मोडायची थांबली. तेव्हा वसंतराव खाकरून म्हणाले, "मी तोलून सांगतो. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला निकाल."

तोलणं हाच त्यांचा जन्माचा धंदा. चहाच्या दलालांच्या पेढीत आयुष्य गेलं ते पेट्यांच्या वजनातली तूट शोधण्यात. बेरजेतली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एकदा एका नर्सिंग होमच्या बिलात खोलीचं एका दिवसाचं भाडं जास्त लागलं होतं. ते त्यांनी तिथल्या तिथे, काउंटरशी उभं राहून, बोट ठेवून दाखवलं आणि परत घेतलं. पुष्पाने नवऱ्याला बरंच काही माफ केलं होतं. ते बिल मात्र माफ केलं नव्हतं.

खेळांचा निकाल लवकर लागला. रंगीत गोळ्या जुळवायच्या खेळात पहिल्या दिवशी नाणी पावसासारखी पडली, मग थेंब थेंब, आणि पैसे काढण्याची पातळी हाताशी आली तसा नळच बंद झाला. "पहिल्या चार पेट्या चोख असतात," वसंतराव म्हणाले, "तूट मागच्या पेट्यांत असते. जुनीच चोरी आहे."

प्रश्नावल्यांचं निराळं होतं. तिथे पैसे खरंच मिळत, पण वसंतरावांना नाही. जन्मसाल टाकलं की पुढे एकच पाटी येई : आपल्या गटातील प्रतिसाद पूर्ण झाले आहेत, धन्यवाद. साबणाच्या बाबतीत पूर्ण झाले, प्रवासाच्या बाबतीत झाले, चहाच्याही.

"चहाबद्दल मला नको विचारायला?" ते खरोखर दुखावले होते. "मला?"

"सत्तरीच्या माणसाला काय विकणार?" पुष्पा मेथी निवडत म्हणाली. "वय कमी सांगा. कोण बघतंय?"

"नुसतं वय पुरत नाही. यांना घरातली खरेदी ठरवणारी बाई हवी असते. तिशीतली, कमावती."

मग पाठ खिडकीकडे करून ते बराच वेळ काहीतरी टोचत बसले. मेथीची जुडी संपली तेव्हा घरात एक मुलगी होती.

"नाव काय ठेवलंत?"

"जान्हवी."

"कुठून काढलंत?"

"सुचलं." आणि जरा वेळाने, "शहरात नदी आहे ना."

अ‍ॅप बेरकी होतं. आज विचारलेला प्रश्न आठवड्याने वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारी, आणि उत्तर बदललं की गुण कापी. पुष्पा म्हणाली, लिहून ठेवा. वसंतराव म्हणाले, खोटं लिहून ठेवलं की सापडतं, पाठ करायचं. म्हणून दोघांनी जान्हवी पाठ केली. ती चहा पिते, बिनसाखरेचा. सकाळी उशिरा उठते. घरी मराठी बोलते, रागावली की बंगाली.

"मासे खात नाही असं लिहिलंत?" पुष्पा एकदा म्हणाली. "बालीगंजात वाढलेली पोर आणि मासे खात नाही? कोण विश्वास ठेवेल? बाहेर खाते म्हणावं. आपल्याला सांगत नाही."

मिठाईच्या प्रश्नावर वसंतरावांनी तिला तोंड उघडू दिलं नाही. "खजुराच्या नव्या गुळाचा संदेश."

"तुमची आवड तिच्या माथी मारू नका. दर वर्षी फेब्रुवारीत डबा आणता, रक्तातली साखर मोजायच्या वयात. एक खाता, एक मला देता, आणि उरलेला बिल्डिंगमधल्या पोरांना वाटून मोकळे होता. आणायचा कशाला मग?"

"हंगाम संपत येतो तेव्हा," वसंतराव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "नंतर मिळत नाही."

विवाहित की अविवाहित, यावर मात्र थोडं वाजलं. पुष्पाचं म्हणणं, चौतीस म्हणजे लग्न झालेलं बरं; बायकांच्या प्रश्नावल्या जास्त मिळतील. हिशोब बिनचूक होता. वसंतरावांनी तो पहिल्यांदाच धुडकावला.

"नको. राहू दे इथेच."

घरातली एकूण माणसं, या रकान्यात त्यांनी तीन लिहिलं.

त्यानंतर घराची वागणूक जरा बदलली. म्हणजे बदलली असं पुष्पाला वाटे. बोलून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. गरियाहाटला फुटपाथवरच्या दुकानात तिने एक निळा कुर्ता उचलला, स्वतःच्या खांद्याला लावला आणि दुकानदाराला म्हणाली, "लांबी कमी पडेल, ती उंच आहे." उंचीचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नव्हता. कुर्ता तसाच टाकून ती ट्रामच्या रुळांपर्यंत जवळजवळ पळत आली.

आणि छोट्या खोलीतला दिवा. त्या खोलीत कुणी राहत नव्हतं; जास्तीच्या गाद्या आणि इस्त्रीचं टेबल, एवढंच. पण हल्ली संध्याकाळी तिच्या दाराखालून उजेडाची रेघ येऊ लागली. पहिल्यांदा दिसली तेव्हा पुष्पा हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. आत कुणी नव्हतं. तिने दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा होती.

"दिवा तुम्ही लावता का?"

"राहिला असेल."

माणूस उठून गेला की त्याच्या मागोमाग पंखा बंद करत फिरणारे हे गृहस्थ! पुष्पाने पुढे विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मालवलाही नाही.

आता हे क्रीम आलं, आणि क्रीमच्या मागोमाग अ‍ॅपची सूचनाही आली. जान्हवीचे गुण पैसे काढण्याच्या पातळीपाशी पोचले होते. आता तिने व्हिडिओवर तोंड दाखवावं किंवा फोनवर ओळख पटवावी. आज रात्रीपर्यंत. नाहीतर खातं बंद, माहिती पुसली जाईल.

"बघ," वसंतराव म्हणाले, "पुन्हा मागच्या पेटीत तूट." पण आवाजात नेहमीची मजा नव्हती.

"मग?"

"मग काय? मुलगी कुठून आणणार? आपणच बंद करू. त्यांनी पुसण्यापेक्षा बरं."

"करा की." पुष्पाने क्रीमचं पाकीट उचललं, त्यावरचं नाव असलेला तुकडा उगाच नखाने सोलायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. "माझं काय अडलंय? एका क्रीमपुरती तर होती."

"औषधं घेऊन येतो. आल्यावर करतो." त्यांनी मफलर गुंडाळला, माकडटोपी घातली. फोन चार्जिंगला तसाच राहिला.

शेजारच्या मुखर्जींकडे तिन्हीसांजेचा शंख वाजत होता तेव्हा फोन वाजला.

"जान्हवी मॅम से बात हो सकती है?" मुलगी असावी विशीतली. मागे तिच्यासारख्याच पंचवीस-तीस आवाजांचा कलकलाट.

पुष्पाने तोंड उघडलं ते 'राँग नंबर' म्हणायला.

"वो बाहर गयी है."

"आप कौन बोल रही हैं, मॅम?"

शंख थांबला. छोट्या खोलीच्या दाराखाली रेघ होती. पुष्पाने पदर हाताभोवती गुंडाळला.

"उसकी माँ," ती म्हणाली. पासष्ट वर्षांत हा शब्द तिने स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. तो सहज निघाला.

"मॅम, आज वेरिफिकेशन नहीं हुआ तो अकाउंट डिलीट हो जायेगा." मग आवाज खाली आला. तिलाही तिचा आजचा आकडा भरायचा असणार. "आप मम्मी हैं तो आप ही बता दीजिये. डेट ऑफ बर्थ?"

पुष्पाने ती तारीख वसंतरावांना कधी विचारलीच नव्हती. काय टाकली असेल? हिशोबी माणूस; एक जानेवारी, नाहीतर एक एप्रिल. तेच सांगून टाकावं, नाही जुळलं तर प्रश्न मिटला. तिने ओठ ओले केले.

"ग्यारह फरवरी," ती म्हणाली. "उन्नीस सौ नब्बे."

तिकडे कळा वाजल्या. त्या कलकलाटातही तिला त्या मोजता आल्या असत्या.

"थँक यू मॅम. मॅच हो गया."

फोन बंद झाला तरी तिने तो कानाला तसाच धरून ठेवला.

ही तारीख भवानीपूरच्या डॉक्टरांनी दिली होती. बाळ फेब्रुवारीच्या अकराला येईल असं म्हणाले होते. ते आलं त्याच्या कितीतरी आधी, कालीपूजेच्या रात्री, बाहेर फटाके फुटत असताना. आणि रडलं नाही. मुलगी होती. जन्माआधी पाळणा आणायचा नाही, नाव काढायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्यामुळे मागाहून उचलून ठेवायलाही घरात काही नव्हतं. उरली ती एक तारीख, जिला काहीच घडलं नव्हतं. पुढे प्रत्येक फेब्रुवारीत पुष्पा त्या दिवशी सकाळपासून गप्प असे आणि काउंटरशी उभं राहून बिलाची बेरीज तपासणाऱ्या माणसाला काय कळणार म्हणून आणखी गप्प होई. आणि तो माणूस संध्याकाळी गोड घेऊन येई, एक खाई, एक तिला देई, उरलेलं पोरांना वाटी. हंगाम संपत आला म्हणे.

कुलपात किल्ली फिरली. वसंतराव आत आले, टोपी काढली, औषधं टेबलावर ठेवून पावती तपासली, मगच चष्मा लावून फोन उचलला.

"चला, करून टाकू." एक बोट वर राहिलं. "हे... ओळख पटली म्हणतंय. पैसे निघतील म्हणतंय."

"फोन आला होता."

"कुणाचा?"

"त्यांचाच. तारीख विचारत होते."

वसंतराव फोनकडे बघत राहिले. पडदा विझला तरी बघत राहिले. कुठली तारीख सांगितलीस, असं त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि मफलरच्या टोकाने त्याच्या काचा पुसायला घेतल्या. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"या वेळी संदेशाचे दोन डबे आणा," पुष्पा स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली. "बिल्डिंगमध्ये पोरं वाढलीत. एक पुरत नाही."

"दोन?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणू."

"आणि मंडळात काय सांगणार? रविवारी विचारतील सगळे."

"सांगेन, लागू नका नादी. खोटं किती बोलावं लागतं, आणि हाती काही येत नाही."

पुष्पाने गॅस पेटवला. पाठीमागे त्यांची पावलं छोट्या खोलीपर्यंत गेली आणि थांबली. तिने मान वळवली नाही. बटणाचा आवाज होतो का, एवढंच ऐकत राहिली. तो झाला नाही. वसंतरावांनी दार तेवढं हलक्या हाताने लोटून घेतलं, आत कुणाचा नुकताच डोळा लागला असावा तसं.