सात सेकंदांची कबुली

“दीदी, तुम बांगलादेशी हो क्या?”

एवढंच विचारायची पैज होती. तेही हसत, आणि संपदाच्या मोबाईलकडे अजिबात न बघता. संपदा आणि आर्या या दोघी मैत्रिणी व्हिडिओ काढायला सोसायटीच्या घसरगुंडीमागे दबा धरून बसल्या होत्या. नववीपर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरणारी ओवी, पण यंदा वक्तृत्वाची ढाल काय मिळाली, कुणी ‘हिंमत आहे का’ म्हटलं की तिच्या अंगात वारंच शिरायचं. विचारून मोकळी झाली.

शेफालीदीदी बी विंगमधली धुण्याभांड्याची कामं उरकून ओवीच्याच घरी निघाली होती. तिने ओवीला खालून वर न्याहाळलं आणि पदर खोचत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “हां, और क्या. ये बाजूवाली नायगाव की खाडी तैरके आई. देख, कपडा अभी तक गीला है.” मग खो खो हसली. “चल पागल, पोहा खाएगी ना?”

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सात सेकंदांचा व्हिडिओ आला. त्यात फक्त शेफालीदीदीचा चेहरा होता. प्रश्न ऐकू येत होता, पण कुणी विचारला ते दिसत नव्हतं. ‘तैरके आई’वर तो संपत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘स्वतःच्या तोंडाने कबुली.’ त्याला एकेचाळीस अंगठे.

दुसऱ्या दिवशी गेटच्या ॲपवर शेफालीदीदीचं नाव लाल झालं. वॉचमन म्हणाला, रविवारच्या मीटिंगमध्ये ठरेल, तोवर आत सोडायचं नाही. तिने पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं मतदार कार्ड आणलं, शाळेचा दाखला आणला. सेक्रेटरी म्हणाले, कार्डं काय, हल्ली कुठेही बनतात. सहा घरांची कामं एका दिवसात गेली.

ओवी दुपारी लॅच उघडून घरात आली की फ्रीजची घरघर तेवढी ऐकू यायची. आईबाबा सकाळी साडेसातला जायचे ते रात्री आठला उगवायचे. मधल्या वेळात घरात माणूस म्हणून शेफालीदीदी असायची. ढालीचं भाषण ओवीने तिच्यासमोरच पाठ केलं होतं. निम्मं मराठी तिला कळायचं नाही, आणि ती नेमक्या नको त्या ठिकाणी टाळ्या वाजवायची. आता ओवीने एकटीने पोहे करून पाहिले. खाली लागले. तसेच खाल्ले.

तिने संपदाकडे पूर्ण व्हिडिओ मागितला.

“डिलीट केला. आणि तुला एवढा पुळका? विचारलं कुणी, तूच ना?”

त्यानंतर मैत्रिणींच्या ग्रुपवर सामसूम झाली. दुसरा ग्रुप निघाला होता म्हणे. शाळेच्या बसमध्ये ओवीच्या शेजारी आता दप्तर बसायचं.

शुक्रवारी शेफालीदीदी गेटबाहेर कठड्यावर बसलेली दिसली. ओवी जवळ जाऊन उभी राहिली.

“खाना खाया?” शेफालीदीदीनेच विचारलं.

“तुमने मेरा नाम क्यूं नहीं बताया?”

“बताके क्या होगा? मेरा काम वापस आएगा?” ती रस्त्याकडे बघत राहिली. “गुस्सा है मेरे को. बहुत है. अभी घर जा, धूप है.”

शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, “हे बघा, चोरून येणारे असतातच. सोसायटीने तपासायलाच नको का?”

“तपासा ना. पण पोलिसांनी तपासायचं का ग्रुपवरच्या अंगठ्यांनी?” आई म्हणाली. “आपण इथे आलो तेव्हा नंदाखाल गावातली केळीवाली आपल्यालाच बाहेरचे म्हणायची. विसरलात?”

“आपण गाव बदललं, सुमेधा. देश नाही.”

“मग तिने तरी कुठे बदललाय?”

“व्हिडिओत आवाज माझा आहे,” ओवी म्हणाली.

आईचा हात ताटातच थांबला. बाबांनी भाजी वाढून घेतली. “माहितीये. मी पहिल्याच दिवशी ओळखला. म्हणून तर सोसायटीच्या कमिटीत असूनही तोंड उघडलं नाही.”

म्हणजे चार दिवस या घरात दोघं जण तीच गोष्ट गिळून बसले होते, एकाच टेबलावर, समोरासमोर.

“आपोआप शांत होईल सगळं,” बाबा म्हणाले. “तुझं दहावीचं वर्ष आहे. बाई काय, दुसरी मिळेल.”

ओवीने पाण्याचा घोट घेतला.

“बाबा, उद्याच्या मीटिंगला मी येणार आहे. प्रश्न मी विचारला, तोही मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. दीदीने थट्टा केली आणि पुढचं हसणं कुणीतरी कापलं. एवढंच सांगणार. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर बरं वाटेल. नाही राहिलात तरी मी बोलणार आहे.”