कोणता लटारू?

आमच्या गावात लटारू दोघं. एक काणा लटारू, दुसरा लंगडा लटारू. नावं अशीच चालत आली होती. त्यात कुणाला वाईट वाटत असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

छप्पन्न साली लंगड्या लटारूच्या इंदूला बघायला आरमोरीहून पाहुणे यायचे ठरले. तेव्हा तो सरपंचांकडे गेला. "गुणवंतराव, माह्या घरची पहिली गोष्ट पाव्हन्याइच्या कानावर जाईन, ते माहा पाय नको. पोरीचं जमू द्या."

गुणवंतरावांनी चावडीवर जाहीर केलं: लंगडा, काणा, बहिरा हे शब्द गावात बंद. जो बोलेल त्यानं आठवडाभर चावडी झाडायची.

पारावर विड्या वळणारा भैयाजी भडकला. "घटना आली, बोलाची मोकळीक आली, आन् तुमी तोंड शिवून राह्यले? इचारा मास्तरले!"

सगळे माझ्याकडे वळले. घटना मी वाचली होती. समजली होती असं छातीठोक सांगवत नाही. दोघांचंही थोडं बरोबर वाटतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं.

पाहुणे आले. मुलाचे वडील वारलूजी बैलबंडीतून उतरले आणि त्यांनी नेमकं भैयाजीलाच विचारलं, "लटारूभाऊचं घर कुठी?"

"कोनता लटारू?"

"ते आमाले काय मालूम!"

भैयाजीनं तोंड उघडलं, मिटलं. मग उठून तो रस्त्यावर लंगडत चालून दाखवू लागला. पाहुण्यांना काही कळेना, म्हणून आणखी दोघं लंगडले. शेवटी अशी लंगडती वरातच पाहुण्यांना लटारूच्या अंगणात घेऊन आली. मीही मागे होतो. लंगडत नव्हतो, एवढंच.

लटारू दारातच थबकला. चेहरा पार उतरला. इंदू कवाडाआड. लटारूनं काठी उचलली तसा भैयाजी मागं सरकला.

"भैयाजी, माहा कोनता पाय अधू हाये?"

"डावा."

"मंग उजव्यानं काऊन लंगडून राह्यला? चाल पुन्हा. नीट!"

भैयाजी चालला.

"टाच उचल. हे घे काठी. हां, आता जमून राह्यलं. अजून एक डाव!"

भैयाजीला धाप लागली. आधी वारलूजी हसले, मग सगळं अंगण.

"भाऊ," वारलूजी डोळे पुसत म्हणाले, "शब्द असता तं आयकून सोडून देल्ला असता. आता तुमाले म्हनावं तरी काय?"

"मले इचारता, हेच लय झालं. सोयरिक जमली तं इवाई म्हना. पन आंदी पोरगी पाहा."

"पाह्यली. कवाडाआड तोंड दाबून हासून राह्यली. पानी द्या, इवाई."

"आन् मी काय म्हनू याले?" भैयाजीनं धापा टाकत विचारलं.

"तू बस आंदी," लटारू म्हणाला. "पाय दुखत असन."