मनगटापासून जमिनीपर्यंत

टेपचं पत्र्याचं टोक फरशीवर काही टिकत नव्हतं. दाबून सोडलं की हट्टानं पुन्हा वर उचललं जायचं, आणि क्षितिजा गुडघ्यांवर बसून एका अंगठ्यानं ते दाबत, दुसऱ्या हातानं टेप अण्णांच्या मनगटापर्यंत ताणत मनात म्हणत होती—आत टेबलावर बारावीचे चौसष्ट पेपर पडलेत, उद्या मॉडरेटरकडे द्यायचेत, आणि मी रविवारच्या सकाळी माझ्या बापाचं मनगट जमिनीपासून किती उंच आहे ते शोधते आहे.

"मनगटाची घडी बघ, घडी," अण्णा वरून म्हणाले. "हाडापासून नाही घ्यायचं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"तुम्ही हलू नका."

"मी कुठे हलतोय?"

"अहो, बूट!" स्वयंपाकघराच्या दारातून आई. "आत्ता लादी पुसली मी. घरात बूट घालून कसला खेळ मांडलाय?"

"बूट घालूनच मोजायचं असतं, जयवंती. मैदानावर काय अनवाणी जाऊ?"

मैदान म्हणजे बोळिंजच्या त्यांच्या बिल्डिंगमागचा रिकामा प्लॉट, जिथे अजून कुठल्या बिल्डरनं पाटी लावली नव्हती म्हणून गवत होतं, तेवढंच. आणि गोल्फ म्हणजे कंपनीच्या साहेबांनी परदेशातल्या मुलाकडे कायमचं जाताना आपल्या जुन्या स्टोअरकीपरला देऊन टाकलेली अकरा क्लबांची पिशवी. साहेब सहा फूट दोन इंच, अण्णा पाच फूट तीन. चार वर्षं ती पिशवी कपाटावर धूळ खात होती ते बरं होतं, असं क्षितिजाला आता वाटत होतं—कारण दिवाळीनंतर ती खाली उतरली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. वर धरला तर क्लब जमिनीत रुतायचा, खाली धरला तर मुठीबाहेर उरलेला दांडा पोटात ढोसायचा. मग रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी पुस्तक आलं. मग त्या पुस्तकातलं जेवताना वाचून दाखवणं आलं—दोन्ही हात मोकळे सोडावेत, नजर समोर, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यावं आणि तक्त्यात पाहावं... आई त्यांना काठ्या म्हणायची. "काठ्या नव्हे, क्लब," अण्णा दर वेळी सांगायचे, आणि आई दर वेळी म्हणायची, "बरं, क्लब. त्या काठ्या जरा दारामागे ठेवा."

"साडेएकतीस," क्षितिजा म्हणाली.

"परत घे. तीनदा घ्यावं."

दुसऱ्यांदा एकतीस आलं. तिनं टेपचं टोक पाहिलं, फरशी पाहिली, पुन्हा मोजलं. सव्वातीस.

पाच मिनिटांत माणूस सव्वा इंचानं बुटका कसा होईल? तिनं वर पाहिलं. अण्णांचा उजवा खांदा उतरला होता. हँगरवरून शर्ट एका बाजूनं घसरावा तसे ते उजवीकडे कलले होते, आणि चेहरा मात्र फोटोला उभं राहिल्यासारखा गंभीर, समोर.

"अण्णा, तुम्ही कललाय. सरळ उभे राहा."

"सरळच उभा आहे गं."

त्यांना खरोखर तसं वाटत होतं. हे तिला दिसलं. दिसलं आणि पेपर आठवले, गुडघे दुखले, टेपचं टोक पुन्हा निसटलं, आणि ती म्हणाली, "एक गोष्ट धड करता येत नाही तुम्हाला! पाच मिनिटं सरळ उभं राहायला सांगितलं तर पोरासारखी चुळबुळ करताय. सव्वातीस लिहिते. संपलं."

"लिही," अण्णा म्हणाले. बूट काढायला ते स्टुलावर बसले तेव्हा ती आत निघूनही गेली होती.

सोमवारी ते क्लबांची मोळी बांधून, त्या मापानं दांडे कापून घ्यायला रिक्षानं गिरीजला, इग्नेशियसच्या लेथवर गेले. मंगळवारी सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले, ते उठले नाहीत. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले.

आज त्याला सात आठवडे झाले. सात आठवडे हॉलमध्ये कुणी ना कुणी येऊन बसत होतं आणि आई तीच हकिकत सांगत होती, आणि सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की क्षितिजाला चहाचा ट्रे घेऊन येताना कुठलं वाक्य सुरू असेल ते कळायचं. आदल्या दिवशी एकटे गिरीजला जाऊन आले... रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या... काही म्हणजे काही लक्षण नव्हतं हो. त्या वाक्याशी लोक मान हलवत. क्षितिजा बशा मांडत असे. तिला आईचा राग येई, मान हलवणाऱ्यांचा येई, आणि सगळ्यांत जास्त अण्णांचा—तुम्हाला कळत नव्हतं? स्वतःचा खांदा स्वतःला कळत नाही? कॉलेजच्या लायब्ररीत तिनं वैद्यकाची दोन जाड पुस्तकं काढली होती. लहानपणापासूनची खोड, काही अडलं की पुस्तक. एकात लिहिलं होतं, असा कल ही पूर्वसूचना असू शकते. दुसऱ्यात होतं, उतारवयात पाठीमुळेही असू शकतो. असू शकते, असू शकतो. वर्गात मी मुलांना सांगते, ओळीत जे सांगितलेलं नाही ते वाचा. आणि माझ्यासमोर अख्खा माणूस कलला तर मी आकडा लिहून मोकळी होते...

बेल वाजली. इग्नेशियस होता, हातात गोणपाटात गुंडाळलेली मोळी.

"उशीर झाला, वैनी. लेथ बंद होता, आनि मग ही बातमी कळली, तर म्हटलं लगेच कसं जायचं." त्यानं चपला बाहेर काढल्या आणि मोळी सोडून क्लब सोफ्याला टेकवून ओळीनं उभे केले. "रबरी मुठी वसईत मिलत नाहीत. बॅडमिंटनची पट्टी गुंडाळलीय. धरून बघ, बाय."

तिनं सात नंबरचा उचलला. खाली टेकवायला तिला कमरेत वाकावं लागलं. शाळकरी मुलाच्या हातातला वाटावा इतका आखूड. अण्णांनाही आखूडच झाला असता, अगदी सरळ उभे असते तर.

"मी बोललो अन्नांना," इग्नेशियस पाण्याचा पेला घेत म्हणाला, "एवढा कापू नका, एकदा कापला की वाढत नाय. इथंच परत मापतो, पट्टी आहे माझ्याकडं. तर मलाच दम दिला. म्हनाले, लेक प्रोफेसर आहे माझी, पेपर बाजूला ठेवून तीनदा मापलंय तिनं. तू गप काप."

आई हसली. किती दिवसांनी. "तसेच होते ते. हिच्या शब्दापुढे कुणाचं ऐकलं नाही कधी." आणि मग डोळ्याला पदर लावत, "ठणठणीत माणूस हो. मोळी खांद्यावर घेऊन जिना उतरले. काही म्हणजे काही..."

पेपर बाजूला ठेवून! असं सांगितलं त्यांनी? तिथे, परक्या माणसासमोर, तिचा तो खेकसलेला आवाज गाळून टाकून तिच्या मोजण्याची बढाई मारली? आता यावर चिडायचं कुणावर? या माणसावर, जो आपल्या कामाचं कौतुक होईल म्हणून वाट बघत बसलाय? आईवर, जिला हे एक वाक्य तेवढं धरायला उरलंय? ते वाक्य तिच्या हातून काढून घ्यायचा मला काय अधिकार... आणि तिनं ते उद्याही म्हणावं, पुढच्या वर्षीही, आणि मी बशा मांडत राहावं, याचा तरी काय?

इग्नेशियस मान हलवत होता. "देवाची इच्छा," तो म्हणाला. "लक्षन दिसलं असतं तर कोन गप बसलं असतं?"

क्लब तिच्या हातात होता. तिनं तो सोफ्याला टेकवला. तो घसरला, तिनं घसरू दिला.

"होतं, आई."

"काय होतं?"

"लक्षण." आपला आवाज इतका साधा निघेल असं तिला वाटलं नव्हतं, पेपरातले मार्क वाचून दाखवावेत तसा. "त्या रविवारी ते उजवीकडे कलत होते. त्यांना कळत नव्हतं. मला दिसलं होतं, आई. आणि मी त्यांच्यावर ओरडले."