पाठमोरी मुलगी

लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बुद्धप्रियाचं नाव झालं ते तिच्या फेसबुक पेजमुळं. नावाजलेल्या चित्रांवर लोक एआयकडून लेख लिहून घेत आणि बुद्धप्रिया त्यातल्या चुका पकडी. कुणी मोनालिसाच्या गळ्यात मोत्यांची माळ घातली, की ही त्याची सालटी काढायची. वाचक खूश होऊन आणखी लेख पाठवायचे. पुढं पुढं ते इतके यायला लागले, की चित्र उघडून बघायचाही तिला कंटाळा येऊ लागला. ती लेख एआयलाच द्यायची आणि विचारायची, चुका सांग.

भोकरच्या दयानंद मास्तरांचा लेख असाच एका वाचकाकडून आला. तेही चित्रकलेचेच. लेख व्हॅन गॉगच्या 'पोटॅटो ईटर्स'वर होता; दिव्याखाली बटाटे खात बसलेलं गरीब कुटुंब. मास्तरांनी लिहिलं होतं, माणसं पाच. एआयनं ठासून सांगितलं, चारच. बुद्धप्रियानं लगेच टाकलं, 'मास्तरांच्या मशीनला मोजताही येईना!' संध्याकाळपर्यंत ते भोकरच्या पालकांच्या ग्रुपवर पोचलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला.

"मॅडम, पाच हायेत. मधली पोरगी पाठमोरी हाय, ती तुम्ही धरलीच न्हाई."

तिनं बोलता बोलता चित्र उघडलं. मुलगी अगदी समोर, पाठ करून उभी होती.

"सर, मी... मशीनलाच विचारलं होतं."

मास्तर म्हणाले, "लेख मी हातानं लिहिला हो. आता हेडमास्तर विचारून राहिले, पोरांनाबी असंच शिकवता का म्हणून."

गुपचूप पोस्ट काढून टाकावी, हेच तिच्या मनात आधी आलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. तिनं झालं ते सगळं लिहून माफी मागितली. पण चूक गावभर फिरली होती. माफी फारशी कुणी वाचली नाही. मग तिनंच मास्तरांना फोन लावला.

"सर, तुमच्या वर्गाशी मला बोलू द्या."

मास्तरांनी स्पीकर लावला. तिनं सगळं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हंजे तुम्ही चित्र बघितलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"तरी सरांना बोलल्या?"

"हो."

वर्गात कुणी हसलं नाही. मुलं हसली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.