शामकलाचा मोगरा

छप्पन साली चैतात टिकारामची बदली आमगावहून दरेकशाला झाली, तेव्हा त्याची बायको गीताबाई म्हणाली, "आता मी एकबी झाड नाही लावत." टिकाराम रेल्वेत काटेवाला, गाडी यायच्या आधी रूळ जोडून द्यायचा. आठ वर्षांतलं हे चौथं क्वार्टर. आमगावच्या अंगणात तिनं वाढवलेल्या लिंबोणीला नुकती कुठे बारीक लिंबं धरली होती.

दरेकशाचा काटेवाला खेमराज त्यांच्या जागी आमगावला चालला होता. त्याची बायको शामकला पोटुशी होती. सामान चढवताना ती गीताबाईचा हात धरून म्हणाली, "बाई, मागं वांगे आहेत, मिरच्या आहेत. कोपऱ्यात मोगरा आहे. त्याले तेवढं पाणी टाकजा."

"टाकीन. माह्या लिंबोणीलेबी टाकजो," गीताबाई म्हणाली.

विहीर नाल्यापलीकडे होती, उतारावर. भरली घागर घेऊन चढताना गीताबाईचे गुडघे चमकायचे. वैशाखात पाणी तळाला गेलं. स्वैपाक, भांडी, आंघोळ यांतून उरेल ते ती वांग्यांना घालायची. वांग्यांच्या बुडाशी भाताची तणस पसरायची, वरून पळसाच्या डहाळ्यांची सावली करायची. मोगरा तिथून दहा पावलांवर. तेवढी दहा पावलं तिला जड व्हायची. उद्या टाकीन, म्हणायची.

"मोगऱ्याले काऊन नाही टाकत?" टिकारामनं एकदा विचारलं.

"मोगरा का शिजवून खासाल?"

रात्रपाळी करून आलेला टिकाराम आडवा झाला. मोगऱ्याची पानं करपली, मग गळली. गीताबाईनं त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडून दिलं.

जेठातल्या एका दुपारी ती नवऱ्याचा डबा घेऊन स्टेशनावर गेली. पॅसेंजर उभी होती. एका खिडकीतून हाक आली, "ओ बाई!" शामकला बाळंतपणाला माहेरी चालली होती. तिनं खिडकीतून एक गाठोडं पुढे केलं. "घ्या. तुमच्या लिंबोणीचे आहेत. लय लागले यंदा."

गीताबाईनं गाठोडं घेतलं. लिंबं फडक्यातून हाताला गार लागली.

"मोगरा फुलला का व माहा?"

फुलला, असं म्हणणं सोपं होतं. गाडी आता सुटणारच होती. "नाही," गीताबाई म्हणाली. "वाळला. मी पाणीच नाही टाकलं."

शामकला खिडकीतून पुढे वाकली. मग म्हणाली, "आमगावले विहीर अंगणातच आहे, बाई. मले काही जड नाही गेलं. इथली विहीर मले मालूम आहे." गार्डानं शिटी दिली. "मीबी दोन वर्षं रडतच पाणी भरलं," ती म्हणाली, आणि गाडी हलली.

घरी येऊन गीताबाईनं मोगऱ्याच्या खोडावर नख ओढून पाहिलं. आतपर्यंत कोरडं. तिनं ते उपटलं, मोडलं आणि चुलीजवळ ठेवलं.

दोन दिवसांनी तिनं तयार झालेली सगळी वांगी टोपलीत भरली आणि ओळखीच्या गार्डाच्या हाती शामकलाच्या माहेरी पाठवली. टिकारामच्या ताटात त्या दिवशी भात आणि लिंबाची फोड होती.

"त्या कोपऱ्यात आता काय लावशील?" जेवता जेवता त्यानं एवढंच विचारलं.

"काहीच नाही," गीताबाई म्हणाली. मग ती भिंतीला टेकून बसली आणि गुडघ्यांना तेल चोळू लागली. संध्याकाळची घागर अजून आणायची होती.